जेम्स बुलो लान्सिंग

जेम्स बुलो लान्सिंग (जन्म : १४ जानेवारी १९०२, मॅकूपिन काउंटी, इलिनॉय, मृत्यू : सप्टेंबर १९४९, सॅन मार्कोस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन ध्वनिअभियंते व उद्योजक होते. बोलपटांच्या पहिल्या दोन दशकांत चित्रपटगृहांसाठी तयार झालेल्या कर्णायुक्त ध्वनिक्षेपकांच्या विकासात त्यांचा मोठा वाटा होता. अल्टेक लान्सिंग आणि जेबीएल या दोन ख्यातनाम कंपन्यांची नावे त्यांच्याच नावावरून पडली. त्यांनी घडवलेले कॉम्प्रेशन ड्रायव्हर आणि त्यांच्या रचनेवरून पुढे निघालेले ड्रायव्हर आजही जुन्या ध्वनिसाधनांचे संग्राहक व घरी कर्णायुक्त स्पीकर उभारणारे हौशी लोक शोधून विकत घेतात. लान्सिंग यांना स्वतःला मात्र व्यवसायात स्थैर्य लाभले नाही. वयाच्या ४७ व्या वर्षी, कंपनी कर्जात असताना, त्यांचा मृत्यू झाला.

प्रारंभिक जीवन

लान्सिंग यांचे मूळ नाव जेम्स मार्टिनी असे होते. त्यांचे वडील हेन्री मार्टिनी हे कोळसा खाणींच्या व्यवसायात अभियंता होते आणि आईचे नाव ग्रेस होते. चौदा भावंडांत जेम्स नववे. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबाला वारंवार स्थलांतर करावे लागे. बालपणी काही काळ ते इलिनॉयमधील लिचफिल्ड येथे बुलो नावाच्या कुटुंबात राहिले. पुढे नाव बदलताना त्यांनी याच कुटुंबाचे आडनाव स्वतःचे मधले नाव म्हणून घेतले.

शालेय शिक्षण स्प्रिंगफिल्ड येथे झाले. विद्युतशास्त्राची आवड त्यांना लहानपणापासून होती. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी विद्युतभार साठवणारी लेडन बरणी तयार करून सवंगड्यांना विजेचे सौम्य झटके दिल्याची हकीकत त्यांच्या चरित्रांत आढळते. त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी घरी एक लहान रेडिओ प्रक्षेपक बांधला. त्याचे संदेश ग्रेट लेक्स येथील नौदल केंद्रापर्यंत पोहोचू लागल्याने नौदलाच्या लोकांनी त्याचा माग काढला आणि तो मोडून टाकायला लावला, असेही सांगितले जाते.

विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नव्हती. तरुणपणी ते मोटारदुरुस्तीचे काम करीत आणि इंजिनाच्या बारीक कामात त्यांचा हात बसला होता. ज्या मोटारविक्रेत्याकडे ते नोकरी करीत, त्याच्याच मदतीने त्यांनी डेट्रॉइट येथे मोटारविद्येचे प्रशिक्षण घेतले. धातूचे भाग अत्यंत काटेकोर मापात घडवण्याची सवय त्यांना या कामातून लागली असावी. पुढे ध्वनिक्षेपकांच्या निर्मितीत तीच त्यांची खरी ताकद ठरली.

१९२४ मध्ये आईचे निधन झाल्यावर त्यांनी घर सोडले आणि ते युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आले. तेथे त्यांनी रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम केले. याच शहरात १९२५ मध्ये ग्लेना पीटरसन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि येथेच त्यांची केन डेकर यांच्याशी ओळख झाली. डेकर पुढे त्यांचे व्यवसायातील भागीदार झाले.

लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी

१९२७ मध्ये लान्सिंग व डेकर यांनी लॉस एंजेलिस येथे लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली. कंपनीची नोंदणी होण्याच्या सुमारास जेम्स मार्टिनी यांनी कायदेशीररीत्या जेम्स बुलो लान्सिंग हे नाव धारण केले. सुरुवातीला कंपनी घरगुती रेडिओसंचांसाठी सहा व आठ इंची ध्वनिक्षेपक बनवीत असे. कामाची विभागणी स्पष्ट होती. डेकर व्यवहार, हिशेब व विक्री पाहत आणि लान्सिंग कारखान्यात रचना व निर्मिती सांभाळत. ही विभागणी टिकली तोपर्यंत कंपनीचे बरे चालले.

कंपनी स्थापन झाली त्याच वर्षी अमेरिकन चित्रपटसृष्टीत ध्वनियुगाला वेग आला. काही वर्षांतच हॉलिवूडमधील स्टुडिओंना आणि देशभरातील चित्रपटगृहांना मोठ्या क्षमतेच्या ध्वनिक्षेपकांची गरज भासू लागली. लान्सिंग यांचा कारखाना स्टुडिओंच्या अगदी जवळ होता. त्यामुळे रेडिओच्या लहान स्पीकरकडून चित्रपटगृहाच्या मोठ्या कर्ण्यांकडे वळण्याची संधी त्यांना मिळाली.

कॉम्प्रेशन ड्रायव्हरची पार्श्वभूमी

लान्सिंग यांचे कार्य समजण्यासाठी कॉम्प्रेशन ड्रायव्हर म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक आहे. साध्या ध्वनिक्षेपकात कागदी शंकू थेट खोलीतील हवा हलवतो. हवा फार विरळ असल्याने शंकूला पुरवलेल्या विद्युत ऊर्जेपैकी अगदी थोडा भाग ध्वनीत रूपांतरित होतो आणि उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कॉम्प्रेशन ड्रायव्हरमध्ये धातूचे पातळ घुमटाकार पटल एका अरुंद पोकळीसमोर कंप पावते. पटलाच्या क्षेत्रफळापेक्षा पुढच्या मुखाचे क्षेत्रफळ बरेच कमी असल्याने हवा दाबली जाते. हे मुख कर्ण्याच्या निमुळत्या टोकाला जोडलेले असते. कर्णा हळूहळू रुंदावत जातो आणि लहान मुखाजवळील जास्त दाबाचे रूपांतर मोठ्या तोंडाशी हवेच्या विस्तृत हालचालीत करतो. पटल व मुख यांच्यामध्ये फेज प्लग नावाचा खाचा असलेला भाग बसवतात. पटलाच्या निरनिराळ्या भागांतून निघालेला ध्वनी मुखाशी एकाच वेळी पोहोचावा, हा त्याचा हेतू असतो.

या रचनेचा पाया बेल टेलिफोन लॅबोरेटरीज येथे घातला गेला. ई. सी. वेन्ट व ए. एल. थुरास यांनी विकसित केलेला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ हा ड्रायव्हर १९२६ पासून बोलपटांसाठी वापरला जाऊ लागला. त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या वर्धकांची क्षमता केवळ काही वॅट असे. हजारो प्रेक्षकांच्या सभागृहात एवढ्या कमी शक्तीवर संवाद ऐकू जाण्यासाठी कर्ण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजने हार्वे फ्लेचर यांच्या नेतृत्वाखाली फिलाडेल्फिया येथील वाद्यवृंदाचे संगीत तारेवरून वॉशिंग्टन येथे पाठवून स्टिरिओ पद्धतीने ऐकवले. त्यासाठी खर्जाकरिता एक व वरच्या स्वरांकरिता दुसरा, असे वेगळे कर्णे वापरले होते. या प्रयोगाने हॉलिवूडमधील ध्वनितंत्रज्ञांचे लक्ष वेधून घेतले.

शिअरर कर्णा

एमजीएम स्टुडिओच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर हे चित्रपटगृहांतील तत्कालीन ध्वनिक्षेपकांवर समाधानी नव्हते. ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता वाढली होती. पण ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नव्हती. शिअरर यांनी आपल्या विभागातील अभियंते जॉन हिलियार्ड यांच्याकडे नव्या प्रणालीचे काम सोपवले. रॉबर्ट स्टीफन्स यांचाही या कामात सहभाग होता. ड्रायव्हर बनवण्याची जबाबदारी लान्सिंग यांच्या कंपनीकडे आली. त्यांचे सहकारी जॉन ब्लॅकबर्न यांनी ड्रायव्हरच्या सैद्धान्तिक बाजूचे काम केले.

बेल लॅबोरेटरीजच्या प्रयोगातील प्रणाली जशीच्या तशी चित्रपटगृहात चालणार नव्हती. तिच्यातील खर्जाचा कर्णा दुमडलेला व लांब होता आणि वरच्या स्वरांचा कर्णा त्यामानाने आखूड होता. ध्वनी एक फूट अंतर कापायला सुमारे एक मिलिसेकंद घेतो. दोन्ही मार्गांच्या लांबीत अनेक फुटांचा फरक पडला की एकच तीक्ष्ण आवाज मागेपुढे दोनदा ऐकू येतो. अभिनेत्री एलिनॉर पॉवेल यांच्या टॅप नृत्याचे ध्वनिमुद्रण ऐकताना पायाचा प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू आला आणि हा दोष लक्षात आला, असे या प्रकल्पाच्या इतिहासात नमूद आहे. त्यामुळे नव्या प्रणालीत खर्जाचा कर्णा आखूड करण्यात आला आणि दोन्ही मार्गांमधील अंतर कमी ठेवण्यात आले.

या प्रणालीसाठी लान्सिंग यांच्या कारखान्याने १५ इंची खर्जाचा ध्वनिक्षेपक व २८४ हा कॉम्प्रेशन ड्रायव्हर तयार केला. ड्रायव्हरच्या पटलाचा व्यास २.८४ इंच होता आणि त्यावरूनच त्याला क्रमांक मिळाला. वरच्या स्वरांसाठी अनेक लहान कप्प्यांचा कर्णा वापरला होता, ज्यामुळे ध्वनी सभागृहात समप्रमाणात पसरे. ही प्रणाली शिअरर कर्णा या नावाने ओळखली जाते. १९३६ या वर्षासाठीच्या अकादमी पुरस्कारांत एमजीएमच्या ध्वनिविभागाला व डग्लस शिअरर यांना या द्विमार्गी कर्णाप्रणालीच्या विकासाबद्दलही तांत्रिक पुरस्कार देण्यात आला. पुरस्कार स्टुडिओच्या नावे होता. तरीही या कामामुळे लान्सिंग यांची कंपनी चित्रपटउद्योगात प्रस्थापित झाली.

आयकॉनिक

चित्रपटगृहासाठी बनवलेली प्रणाली स्टुडिओच्या नियंत्रणकक्षात मावणारी नव्हती. १९३७ च्या सुमारास कंपनीने आयकॉनिक हा लहान द्विमार्गी स्पीकर बाजारात आणला. त्यात १५ इंची खर्जाचा ध्वनिक्षेपक आणि लहान कप्पेदार कर्ण्यावर बसवलेला ८०१ हा ड्रायव्हर होता. ८०१ च्या पटलाचा व्यास १.७५ इंच होता आणि सुमारे ८०० हर्ट्झपासून वरचे स्वर तो सांभाळत असे. ध्वनिमुद्रणाची तपासणी करण्यासाठी अनेक स्टुडिओंनी आयकॉनिक स्वीकारला. मोठ्या खर्जाच्या शंकूवर लहान कर्णा ही त्याची मांडणी पुढील कित्येक दशके स्टुडिओंतील व घरांतील स्पीकरसाठी आदर्श मानली गेली.

डेकर यांचा मृत्यू व अल्टेकशी विलीनीकरण

१९३९ मध्ये केन डेकर यांचा सैन्याच्या राखीव दलाच्या सरावादरम्यान विमान अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या पश्चात व्यवहार सांभाळणारे कोणी उरले नाही आणि कंपनीची आर्थिक स्थिती ढासळू लागली. लान्सिंग यांचा ओढा कारखान्याकडे होता. पतपुरवठा, वसुली व विक्री यांत त्यांना रस नव्हता आणि गतीही नव्हती.

याच काळात अल्टेक सर्व्हिस कॉर्पोरेशन ही कंपनी स्वतःच्या उत्पादनाची सोय शोधत होती. वेस्टर्न इलेक्ट्रिकने चित्रपटगृहांच्या देखभालीच्या व्यवसायातून अंग काढून घेतल्यावर त्या विभागातील लोकांनी १९३७ मध्ये अल्टेकची स्थापना केली होती. जुनी यंत्रणा चालू ठेवण्यासाठी लागणारे सुटे भाग बनवू शकेल असा कारखाना त्यांना हवा होता. ४ डिसेंबर १९४१ रोजी अल्टेकने लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग विकत घेतली आणि अल्टेक लान्सिंग कॉर्पोरेशन अस्तित्वात आली. लान्सिंग नव्या कंपनीत अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष झाले. यानंतर तीनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. १९४३ मध्ये जॉन हिलियार्डही या कंपनीत आले.

अल्टेक लान्सिंगमधील कार्य

अल्टेकमध्ये लान्सिंग यांना प्रथमच भक्कम आर्थिक पाठबळ मिळाले. १९४१ ते १९४६ हा त्यांच्या तांत्रिक कारकिर्दीतील सर्वांत फलदायी काळ मानला जातो.

त्यापूर्वीच्या बहुतेक मोठ्या ड्रायव्हरमध्ये विद्युतचुंबक असे. त्याला चुंबकत्व टिकवण्यासाठी एकदिश विद्युतप्रवाहाचा स्वतंत्र पुरवठा लागे. अल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोखंड यांच्या अल्निको ५ या मिश्रधातूचे प्रभावी स्थायी चुंबक उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली. लान्सिंग यांच्या जुन्या रचनांना स्थायी चुंबकाचे रूप मिळाले. २८४ च्या घराण्यातून २८८, तर ८०१ मधून ८०२ हा ड्रायव्हर पुढे आला.

दुसरी सुधारणा व्हॉइस कॉइलची होती. व्हॉइस कॉइल म्हणजे चुंबकाच्या अरुंद फटीत हलणारे तारेचे वेटोळे. गोल तार शेजारी शेजारी गुंडाळली की मधल्या सांदी रिकाम्या राहतात. भूमितीच्या हिशेबाने चौकोनी जागेचा सुमारे ७८ टक्के भागच गोल तारेने व्यापला जातो. त्याऐवजी चपटी पट्टीसारखी तार कडेवर उभी करून गुंडाळल्यास फटीतील जवळजवळ सर्व जागा वाहकाने भरते आणि तेवढ्याच चुंबकातून अधिक बल मिळते. ही कल्पना वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ड्रायव्हरमध्येही होती. मात्र अशी वेटोळी वेगाने व मोठ्या संख्येने गुंडाळण्याची पद्धत लान्सिंग यांच्या कारखान्यात बसवली गेली. अल्युमिनियमच्या पातळ पत्र्याला द्रवाच्या दाबाने आकार देऊन पटल घडवण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. त्यामुळे एकसारख्या गुणधर्मांची पटले तयार करणे शक्य झाले.

याच वर्षांत ड्युप्लेक्स मालिकेतील स्पीकर तयार झाले. त्यांपैकी ६०४ मध्ये १५ इंची शंकूच्या मध्यातून लहान कर्णा पुढे येतो, त्यामुळे खर्ज व तार दोन्ही स्वर एकाच केंद्रातून आल्यासारखे वाटतात. ६०४ हा पुढे अनेक दशके अमेरिकन ध्वनिमुद्रण स्टुडिओंमध्ये वापरला गेला. १९४५ मध्ये व्हॉइस ऑफ द थिएटर ही चित्रपटगृहांसाठीची मालिका सादर झाली. तिच्या मोठ्या ए-४ प्रणालीत ५१५ हा खर्जाचा ध्वनिक्षेपक व २८८ हा ड्रायव्हर होता. या मालिकेच्या विकासात हिलियार्ड व लान्सिंग या दोघांचाही वाटा होता.

स्वतंत्र कंपनी

अल्टेकशी झालेल्या कराराची पाच वर्षे पूर्ण होताच १९४६ मध्ये लान्सिंग बाहेर पडले आणि त्यांनी लान्सिंग साउंड ही नवी कंपनी स्थापन केली. लान्सिंग हे नाव विकत घेतलेले असल्याने अल्टेकने या नावाला हरकत घेतली. त्यानंतर कंपनीचे नाव जेम्स बी. लान्सिंग साउंड असे ठरले. स्वतःचेच आडनाव व्यवसायासाठी मोकळेपणाने वापरता न येण्याची वेळ त्यांच्यावर आली. विशेष म्हणजे हे आडनाव त्यांनी जन्माने नव्हे, तर व्यवसायाच्या आरंभी निवडून घेतलेले होते.

नव्या कंपनीची पहिली उत्पादने अल्टेकमधील रचनांशी जवळीक साधणारी होती. १९४७ च्या सुमारास तयार झालेला डी१३० हा ध्वनिक्षेपक मात्र वेगळा होता. १५ इंची शंकूला त्यांनी चार इंच व्यासाची चपट्या तारेची व्हॉइस कॉइल जोडली. एवढी मोठी कॉइल शंकूच्या ध्वनिक्षेपकात असाधारण होती. तिच्यामुळे संवेदनशीलता व शक्ती सहन करण्याची क्षमता दोन्ही वाढल्या. डी१३० चे उत्पादन लान्सिंग यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशके चालू राहिले आणि विद्युत गिटारच्या वर्धकांतही त्याचा वापर झाला. त्याच्या जोडीला १.७५ इंची पटलाचा डी१७५ हा कॉम्प्रेशन ड्रायव्हर तयार करण्यात आला.

उत्पादने उत्तम होती. पण भांडवल अपुरे होते. भाग खरेदीसाठी घेतलेली उधारी वाढत गेली. या अडचणीत मार्क्वार्ट एअरक्राफ्ट या विमानइंजिन क्षेत्रातील कंपनीने लान्सिंग यांच्या कंपनीत गुंतवणूक केली व उत्पादनासाठी जागाही दिली. मार्क्वार्टच्या वतीने विल्यम थॉमस हे आर्थिक व्यवहार पाहू लागले. १९४९ मध्ये मार्क्वार्टची मालकी जनरल टायर कंपनीकडे गेली. नव्या मालकांना ध्वनिक्षेपकांच्या व्यवसायात रस नसल्याने हा संबंध संपुष्टात आला. थॉमस यांनी मार्क्वार्ट सोडून लान्सिंग यांच्यासोबत राहणे पसंत केले. त्या वेळी कंपनीवर सुमारे २०,००० डॉलरचे कर्ज होते.

मृत्यू

सप्टेंबर १९४९ मध्ये लान्सिंग यांनी सॅन मार्कोस येथील आपल्या मळ्यात आत्महत्या केली. व्यवसायातील वाढते कर्ज हे त्यामागील प्रमुख कारण मानले जाते. त्यांच्या आयुर्विम्याची १०,००० डॉलरची रक्कम कंपनीला मिळाली आणि त्या रकमेमुळे थॉमस यांना कंपनी चालू ठेवता आली. पुढे त्यांनी ग्लेना लान्सिंग यांच्याकडील हिस्सा विकत घेतला व कंपनीचे ते एकमेव मालक झाले.

मृत्यूनंतर

थॉमस यांच्या काळात कंपनीने घरगुती संगीतसंचांच्या बाजारात जम बसवला. नावावरून अल्टेकशी असलेला वाद मिटवण्यासाठी १९५० च्या दशकात जेबीएल ही आद्याक्षरे उत्पादनांवर ठळकपणे वापरली जाऊ लागली. १९५४ च्या सुमारास ३७५ हा चार इंची पटलाचा ड्रायव्हर बाजारात आला. त्याची मूळ प्रेरणा वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५९४ या ड्रायव्हरमध्ये होती. हार्ट्सफील्ड व पॅरागॉन हे जेबीएलचे प्रसिद्ध घरगुती स्पीकर याच ड्रायव्हरवर आधारलेले होते. १९६९ मध्ये थॉमस यांनी कंपनी सिडनी हार्मन यांच्या उद्योगसमूहाला विकली. २०१७ मध्ये हार्मन हा समूह सॅमसंगच्या मालकीचा झाला आणि जेबीएल हे नाव आज जगभर विकल्या जाणाऱ्या लहान ब्लूटूथ स्पीकरांवरही दिसते.

जुन्या ड्रायव्हरांचा आजचा वापर

लान्सिंग यांच्या परंपरेतील ड्रायव्हरांना अमेरिका, युरोप व विशेषतः जपानमधील हौशी श्रोत्यांमध्ये मोठी मागणी आहे. कर्ण्यावर बसवलेल्या या ड्रायव्हरांची संवेदनशीलता एका वॅटला १०० डेसिबलपेक्षा अधिक असते. त्यामुळे ३००बी सारख्या एकाच निर्वात नळीच्या काही वॅटच्या वर्धकावरही घरात पुरेसा आवाज मिळतो.

घरगुती संचासाठी असे ड्रायव्हर निवडताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात.

मुखाचा व्यास : ८०२ व १७५ यांचे मुख एक इंचाचे, २८८ चे १.४ इंचाचे, तर ३७५ चे दोन इंचांचे असते. कर्ण्याचे मुख त्याच मापाचे असणे इष्ट असते. माप जुळवण्यासाठी मध्ये जोडनळी बसवता येते. पण तिचा आकार योग्य नसेल तर वरचे स्वर बिघडतात.

पटलाचा आकार : मोठे पटल खालच्या स्वरांपर्यंत उतरते व अधिक शक्ती सहन करते, परंतु सर्वांत वरच्या स्वरांत क्षीण पडते. त्यामुळे ३७५ सारख्या ड्रायव्हरसोबत वेगळा ट्वीटर लावण्याची प्रथा आहे. लहान पटलाचा ड्रायव्हर वर अधिक दूर जातो, मात्र त्याला खर्जाकडून अधिक वरच्या वारंवारतेपर्यंत साथ लागते. लहान खोलीत व द्विमार्गी संचात म्हणून १.७५ इंची पटलाचे ड्रायव्हर सोयीचे पडतात.

कर्ण्याची मर्यादा : प्रत्येक कर्णा ठरावीक वारंवारतेच्या खाली पटलाला आधार देत नाही. अल्टेकचा ८११ हा कर्णा ८०० हर्ट्झपासून आणि ५११ हा ५०० हर्ट्झपासून वापरण्यासाठी होता. क्रॉसओव्हर याहून खाली ठेवल्यास पटल प्रमाणाबाहेर हलते व तुटू शकते. खर्जाचा प्रवाह चुकून ड्रायव्हरपर्यंत पोहोचू नये म्हणून मालिकेत संरक्षक कपॅसिटर जोडतात.

चुंबकाची स्थिती : अल्निकोचे चुंबक जोराचा आघात झाल्यास किंवा चुंबकमंडल सुटे केल्यास काही प्रमाणात दुर्बल होते. स्टिरिओच्या दोन ड्रायव्हरांत त्यामुळे आवाजाचा फरक पडतो. असे चुंबक योग्य उपकरणाने पुन्हा भारित करता येते. विद्युतचुंबकाच्या जुन्या ड्रायव्हरांना ही अडचण नसते, पण त्यांना स्वतंत्र विद्युतपुरवठा लागतो आणि त्यांच्या कॉइलची रोधनशक्ती वयाने कमी झालेली असू शकते.

पटलाची मौलिकता : अल्युमिनियमचे पटल वर्षानुवर्षांच्या कंपनाने थकते व कडेला तडकते. अनेक जुन्या ड्रायव्हरांत नंतर दुसऱ्या उत्पादकांची पटले बसवलेली आढळतात. सर्वच पर्यायी पटले वाईट नसतात; तथापि त्यांचे वजन, घुमटाचा आकार वा विद्युतरोध वेगळा असल्यास मूळ ड्रायव्हरचा स्वर मिळत नाही. दोन्ही ड्रायव्हरांत एकाच प्रकारचे पटल असणे, कॉइलचा रोध जुळणे आणि हळू आवाजात स्वरांची चढती मालिका वाजवली असता घासल्याचा आवाज न येणे, या प्राथमिक कसोट्या होत.

आवाजाचा समतोल : ड्रायव्हरची संवेदनशीलता खर्जाच्या ध्वनिक्षेपकाहून बरीच जास्त असल्याने त्याचा आवाज विद्युतरोधांच्या साहाय्याने खाली आणावा लागतो. ५१५ किंवा डी१३० यांसारखे संवेदनशील खर्जाचे ध्वनिक्षेपक या जोडीला का निवडले जातात, याचे कारण हेच आहे.

वेस्टर्न इलेक्ट्रिकचे ५५५ व ५९४ हे ड्रायव्हर दुर्मीळ व अतिशय महाग आहेत. त्यांच्या तुलनेत अल्टेक व जेबीएलचे ड्रायव्हर मोठ्या संख्येने बनले असल्याने सामान्य हौशी व्यक्तीच्या आवाक्यात राहिले आहेत.

मूल्यमापन

कॉम्प्रेशन ड्रायव्हरचा शोध लान्सिंग यांनी लावला, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो बरोबर नाही. ती संकल्पना व तिचे गणित बेल लॅबोरेटरीजमधील शास्त्रज्ञांचे होते आणि शिअरर कर्णा ही अनेकांच्या सहकार्यातून घडलेली प्रणाली होती. लान्सिंग यांचे योगदान निर्मितीच्या क्षेत्रातील आहे. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली, हाताने बनणारी नाजूक वस्तू त्यांनी कारखान्यात वारंवार त्याच अचूकतेने बनेल अशी केली. चपट्या तारेची मोठी कॉइल, दाबाने घडवलेले धातूचे पटल व काटेकोर मापाची चुंबकीय फट ही त्यांच्या कामाची वैशिष्ट्ये होती. अल्टेक व जेबीएल या कंपन्या परस्परांच्या स्पर्धक असूनही दोघींच्या उत्पादनांत ही वैशिष्ट्ये दिसतात, कारण दोघींचाही पाया एकाच व्यक्तीने घातला होता.

त्यांच्या दोन्ही कंपन्या व्यवहार जाणणाऱ्या सहकाऱ्याच्या आधारावर उभ्या होत्या. डेकर यांच्या मृत्यूनंतर पहिली कंपनी विकावी लागली. दुसऱ्या कंपनीला थॉमस लाभले, परंतु तिची भरभराट पाहण्यास लान्सिंग हयात नव्हते. त्यांनी चालवलेली जेम्स बी. लान्सिंग साउंड ही कंपनी त्यांच्या हयातीत जेमतेम तीन वर्षे टिकली, तर त्यांच्या पश्चात तिच्या नावाची कारकीर्द सात दशकांहून अधिक काळ चालू आहे.